दहा मीटरपर्यंत

अमळनेरात समुद्र नाही.
बोरी नदी आहे, तिच्यात मे महिन्यात
क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या बसतात.
नळाला पाणी पाचव्या दिवशी, तेही पहाटे.
आणि आम्ही पाच जण
पाण्याखाली चालणारा कॅमेरा निवडतोय.

दिवाळीनंतर मालवण. डायव्हिंगचं बुकिंग झालंय,
पैसे परत मिळत नाहीत.
पोहता येतं दोघांनाच.

पारसमलच्या दुकानात काचेखाली तीन होते.
पहिला महाग. त्याला वेगळी पेटी,
पेटीला रबराची काळी रिंग,
रिंगला तुपासारखं काहीतरी चोळायचं.
"एक केस जरी अडकला ना वहिनी, संपलं."
आमच्या घरात केस कुठे कुठे सापडतात
ते त्याला काय सांगू.
दुसरी नुसती पिशवी, मोबाइल घालायची,
तीत उमाकांतचा फोन श्वास कोंडल्यासारखा दिसला.
तिसरा पिवळा, साबणाच्या वडीएवढा,
बटण मात्र दाराच्या बेलसारखं.
दहा मीटरपर्यंत चालतो.
त्याखाली कंपनी ओळख देत नाही.

उमाकांतने आठ दिवस मेगापिक्सेल वाचले.
कळण्याची भाकरी थंड होईपर्यंत वाचले.
केतकी म्हणाली, पप्पा, ते जाऊ द्या,
पाण्याखाली लाल रंग आधी जातो,
मग केशरी, मग पिवळा.
माशाचं चित्र असलेलं बटण आहे का ते बघा.

आप्पा तोवर गप्प होते.
आप्पांनी समुद्र पाहिलेला नाही.
पण तीस वर्षं लोकांच्या विहिरीत उतरले,
कुणाचा फुटव्हॉल अडकला की बोलावणं यायचं,
कंबरेला दोर, दातात पान्हा.
"माले म्हाईत से," म्हणाले,
"मन्हा हातना लाल दोरा खाले काया दिखे."
आणि ठेच्याकडे वळले.
केतकीने भौतिकशास्त्राच्या वहीत काहीतरी लिहिलं.

पारसमलने पिवळा एका दिवसापुरता दिला.
ओला झाला तर चालेल म्हणाला, हरवला तर नाही.

नळाचा दिवस. अंगणातली जमिनीखालची टाकी
काठोकाठ भरली. ऊन तिच्यात उतरेपर्यंत थांबलो.
पिण्याचं पाणी आहे, मी म्हटलं, आधी धुऊन घ्या त्याला.
परकराची नवी नाडी आणून बांधली.
बटण कोण दाबणार यावरून पुष्कर रडवेला.
आप्पांच्या उजव्या अंगठ्याला वरचं पेर नाही,
ते पिंपळीच्या एका पंपाकडे राहिलं.
त्यांनी उरलेल्या अंगठ्याने दाबलं,
दिवा लागला.
उमाकांतने माहितीपत्रक घडी करून खिशात घातलं.

मग आप्पांनी नाडी सोडली, हातावर मोजत,
एक हात, दोन, अडीच, तीन.
टेकला.

नंतर ओट्यावर बसून पाहिलं:
हिरवट अंधार.
धुरासारखा उठलेला गाळ.
मी नाहीच टाकला, अशी पुष्करने
देवाची शपथ घेतलेला स्टीलचा पेला.
मग कॅमेरा स्वतःच कलंडला
आणि वर उजेडाचा एक चौकोन,
चौकोनात पाच डोकी, वाकलेली, थरथरणारी,
सगळ्यांची तोंडं उघडी
आणि आवाज कुणाचाच नाही.

आप्पांनी तेवढाच तुकडा तीनदा लावायला सांगितला.
"मी खाले राहू तवय," म्हणाले,
"वर नुसता उजेड दिखे.
माणसं नही दिखेत."
दोर धरायला तेव्हा सासूबाई असायच्या.

कुणी काही बोललं नाही.
पुष्कर पेला काढायला आकडा शोधत फिरला.

दुपारी पैसे दिले. घासाघीस माझी.
पारसमलने केशरी, तरंगणारा पट्टा फुकट दिला.
बोटीतच बसेन म्हणतात आप्पा, कान दुखतो,
पण कॅमेरा चार्जिंगला त्यांच्याच उशाशी असतो.
पट्टा अजून डब्यात आहे.
नाडी सोडू देत नाहीत.